फाटकावरचा टॉवेल

कोराडीच्या आमच्या कॉलनीत एखाद्या फाटकावर टॉवेल टाकलेला दिसला की त्या घराची बेल वाजवायची नाही. हे कोणी शिकवत नसे. चालायला येतं तसं तेही येत असे. टॉवेल म्हणजे घरातला माणूस नाइट करून आला आहे आणि झोपला आहे. दूधवाला पिशवी खिडकीच्या गजाला अडकवून जायचा. भाजीवाली त्या दारासमोर आली की आरोळी अर्ध्यात तोडायची आणि पुढच्या दारापाशी जोडायची. पोस्टमन, वर्गणी मागणारे, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले, सगळे टॉवेल बघून परत फिरायचे आणि कोणाला राग यायचा नाही. बाहेरगावचे पाहुणे मात्र फसायचे. माझा मामा एकदा फाटकावरचा टॉवेल उचलून, "वाळला वं ताई, घे," असं ओरडत आत आला होता. आईनं त्याला दंडाला धरून तसाच बाहेर नेला आणि चहा शेजारच्या काकूंकडे पाजला.

माझे बाबा वीजकेंद्रात बेल्टवर होते. बेल्ट म्हणजे कोळसा वाहून नेणारा रबराचा लांबच लांब पट्टा. तो थांबला की पुढचं सगळं अडतं, म्हणून त्याच्यावर रात्रभर माणसं लागतात. बाबा सकाळी यायचे, बाहेरच्या नळाशी उकिडवे बसून नाक शिंकरायचे, कानांतून ओलं फडकं फिरवायचे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालायचं. मग पोहे खाऊन खाटेवर पडायचे. आई टॉवेल घेऊन फाटकाकडे जायची, आणि त्यानंतर दुपारी चारपर्यंत आमचं घर कुजबुजीवर चालायचं.

कुकर लावायचा नाही, कारण शिटी. तुरीची डाळ गंजात, म्हणजे उघड्या पातेल्यात शिजायची, दीड-दीड तास. मिक्सर फिरवायचा तो बाबा यायच्या आत. खुर्ची उचलून ठेवायची, ओढायची नाही. उन्हाळ्यात कूलरची घरघर असायची, तेव्हा जरा मोकळीक मिळे. हिवाळा कठीण. हिवाळ्यात चमचा पडला तरी आतल्या खोलीतली खाट करकरायची आणि आई नुसत्या डोळ्यांनी विचारायची, कोण ते? आम्ही कॉलनीतल्या मुली बिनआवाजाचं भांडायला शिकलो होतो. चिमटा, जीभ, पायाचा अंगठा. आवाज न करता रडताही यायचं. हसू दाबणं सगळ्यात अवघड.

मोठी झाल्यावर लोक मला लाजाळू म्हणायला लागले. मी खोडून काढत नाही.

शाळा माझी नागपुरात, सदरमध्ये, इंग्रजी माध्यमाची. कॉलनीतून बस यायची आणि दीडला परत आणून सोडायची. त्या शाळेच्या ग्रंथालयात खालच्या फळीवर काही मोठी, पातळ, चित्रांची पुस्तकं होती. प्रत्येक पुस्तकात एका देशातलं एक कुटुंब. डोंगरावर राहणारं, विणलेल्या टोप्या घातलेलं. उंच इमारतीत राहणारं, ज्यातली आई बस चालवायची. मला सगळ्यात आवडायचं ते थंड समुद्राकाठचं कुटुंब. लाल लाकडी घर, दोन मुली, आणि महिना-महिना बोटीवर मासे धरायला जाणारे वडील. दोरीवर घातलेले कपडे तिथे गोठून पापडासारखे कडक होत. वडील घरी आले की दोन दिवस नुसते झोपत. त्या पानावर मुली जिन्यात बसून वडलांच्या ओल्या बुटांकडे बघत होत्या, आणि एकीचं बोट ओठांवर होतं.

मी बर्फ पाहिला नव्हता. समुद्रही नाही. पण ते पान मला कोणी समजावून द्यावं लागलं नाही. त्या मुली काय ऐकत बसल्या आहेत ते मला माहीत होतं.

त्याच फळीवर एक भारतातल्या कुटुंबाचं पुस्तकही होतं. त्यात फेटा बांधलेले वडील, डोक्यावर हंडा घेतलेली आई, मातीचं घर, कंदील आणि एक म्हैस. चौथीत मिसनी 'माय फॅमिली' असं चित्र काढून आणायला सांगितलं, तेव्हा मी त्या पुस्तकातून पाहून तेच चित्र काढलं. आज कोणाला वाटेल, मला घराची लाज वाटली असेल. तसं नव्हतं. आमच्या शाळेत उत्तर पुस्तकात असायचं. मनानं लिहिलं की लाल रेघ यायची, पुस्तकातलं लिहिलं की बरोबरची खूण. भारतातलं कुटुंब कसं असतं याचं उत्तर पुस्तकात दिलेलं होतं. मी ते सुवाच्य उतरवलं, एवढंच.

मिसनी ते फळ्याशेजारी लावलं. पालकसभेला आई आली होती, आणि बाबा नाइट करून तसेच आले होते. ते चित्रासमोर उभे राहिले.

"हा कोण व्हय?" त्यांनी फेट्यावर बोट ठेवलं.

"तुम्ही."

"मी? अन् हे म्हैस कोनाची?"

"आपली."

"आपली म्हैस, अन् मलेच माहीत नाही!" बाबा हसले. बेल्टवरच्या माणसांचं हसणं मोठंच असतं, रात्रभर मशीनच्या वरून बोलावं लागतं त्यांना. सगळ्या पालकांनी वळून पाहिलं. "दूध देते का वं?"

आई हसली नाही. तिनं हंडेवाली बाई जवळून पाहिली. "हे मी?"

"हो."

"आपल्या क्वार्टरात चोवीस तास नळ आहे. मी काहून हंडा घेऊन राहिली?"

मिस म्हणाल्या, वर्गातलं सगळ्यात सुंदर चित्र आहे. आई त्यांच्याकडे बघून मान हलवत राहिली. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. खूप वेळानं म्हणाली, "नळ काढला असता तं काय झालं असतं?"

पुढे मी चित्रकलाच शिकले आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागले. काही वर्षं नुसत्या कार्यपुस्तिका. ससा, गाजर, तीन ससे आणि किती गाजरं. त्यावर चित्रकाराचं नाव नसतं. मग दिल्लीच्या एका प्रकाशनाकडून विचारणा आली. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या भागांतल्या घरांवर एक मालिका निघत होती, दर पुस्तकात एक कुटुंब. महाराष्ट्रातल्या कुटुंबाचं पुस्तक मी करावं. मजकूरही माझा, चित्रंही माझी, आणि मुखपृष्ठावर माझं नाव. पुस्तकं परदेशातही जाणार होती.

मी घरात कोणाला दोन दिवस सांगितलं नाही. मग एकदम सांगितलं.

कुठलं घर काढायचं याचा मी विचार केला नाही. बाबा निवृत्त झाले होते, क्वार्टर सोडून आम्ही कोराडी रोडवरच्या फ्लॅटमध्ये आलो होतो, पण ते घर मला डोळे मिटून काढता येत होतं. एक दिवस दाखवायचा: सकाळी बाबा येतात तिथपासून चार वाजता उठून चहा पितात तिथपर्यंत. नळ, पोहे, टॉवेल, आरोळी तोडणारी भाजीवाली, गंजातली डाळ, बिनआवाजाचं भांडण. बाबांच्या झोपेला मी तीन जोडपानं दिली, समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकेक चित्र. पहिल्यात दाराच्या फटीतून दिसणारे पाय. दुसऱ्यात अख्खी कॉलनी वरून, जिथे जिथे टॉवेल तिथे तिथे पडदे ओढलेले. तिसऱ्यात मुलगी भिंतीला कान लावून घोरणं ऐकते आहे आणि आई तिच्या मागे उभी राहून तेच करते आहे.

एका गोष्टीची खात्री नव्हती, म्हणून जेवताना विचारलं, आपला टॉवेल कोणत्या रंगाचा होता?

"निळ्या काठाचा," बाबा म्हणाले.

"हिरवा होता," आई म्हणाली. "तुम्ही तं झोपून राहायचे, तुम्हाले काय माहीत?"

टॉवेल हिरवा काढला.

संपादक बाई चांगल्या होत्या. त्यांच्याविषयी मला वाईट लिहायचं नाही. बोलणं इंग्रजीत चालायचं आणि त्या मला 'डिअर' म्हणायच्या. कच्ची चित्रं पाहून त्यांचा फोन आला. गंजातल्या डाळीचं पान त्यांना फार आवडलं होतं. "मंद आचेवर शिजणारं पारंपरिक जेवण! किती सुंदर!" मी सांगितलं नाही की आमच्याकडे पाच लिटरचा कुकर होता आणि तो शिटीमुळे बंद असायचा. तेव्हाच सांगायला हवं होतं.

मग त्यांनी हळूहळू पुढचं काढलं. भरदिवसा वडील झोपलेले दिसतात. परदेशातल्या मुलांना वाटेल ते आजारी आहेत, किंवा त्यांना कामच नाही, किंवा आणखी काही. मुलं कुजबुजतात, त्यानं पुस्तक उदास होतं. आणि या सगळ्यात संस्कृती कुठे आहे? घर कुठलंही वाटतं. एखादा झोपाळा घालता येईल का? पितळेची भांडी? आई नऊवारीत, नाकात नथ? शेवटच्या पानावर सण?

"ओके," मी म्हणाले.

मी हा शब्द आयुष्यात फार वेळा वापरला आहे. तो म्हटला की समोरचा पुढे बोलत नाही आणि आपण मोकळे होतो. तीन आठवडे मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून चार जोडपानं नव्यानं काढली. झोपाळा काढला, त्याच्या पितळी कड्या काढल्या. नथीतला मोती काढायला मला अर्धा दिवस लागला, आणि तो चांगला जमला हेही खरं आहे. झोपेची तीन पानं काढून टाकली. त्यांच्या जागी वडील सकाळी डबा घेऊन कामावर निघतात आणि मुलगी दारातून हात हलवते, असं पान आलं.

आई भाजी निवडायला टेबलापाशी आली आणि तिनं पान आपल्याकडे फिरवलं.

"कोनाच्या घरी गेली होती वं?"

"कोणाच्याच नाही."

"मग हे बाई कोण?"

मी ब्रश पाण्यात बुडवला.

"मी?" आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "मी नथ लग्नात घातली. ते बी मागून आणलेली, दुसऱ्या दिवशी परत केली. अन् झोपाळा! त्या क्वार्टरात झोपाळा बांधला असता तं बसणाऱ्याचे पाय काकूच्या घरात गेले असते." मग ती बाबांना हाक मारून म्हणाली, "अहो, पाहा, आपण श्रीमंत झालो."

बाबा चष्मा लावून आले. त्यांनी चारही पानं सावकाश पाहिली. बोटानं शोधत होते. "मी कुठं आहो?"

मी डबेवाला माणूस दाखवला.

"हा मी? सकाळी जाऊन राहिलो?"

"हो."

बाबांनी पान थोडं लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. "चांगलं झालं," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं साहेबाले मागत होतो, मले दिवसपाळी द्या. त्यानं काही दिली नाही. तू देऊन टाकली."

ते हसले, नेहमीसारखे मोठ्यानं, आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. टीव्ही लावला नव्हता.

त्या चार पानांचं मी काय केलं ते सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी मी संपादक बाईंना लिहिलं की पहिलीच पानं कायम ठेवायची आहेत, आणि त्यांनी लगेच फोन केला. मी फोनवर बोलायच्या आधी मुद्दे कागदावर लिहून घेते. त्या दिवशीही लिहिले होते. कागद हातात होता आणि मी तो एकदाही पाहिला नाही.

"डिअर, आपलं ठरलं होतं ना?"

"हो. मी चुकीचं ठरवलं."

त्यांनी पुन्हा सगळं समजावलं. मग थोडं मागेही सरल्या. ठीक आहे, वडील झोपू देत. पण शेवटी एक माहितीचं पान जोडू. भारतात काही ठिकाणी पुरुष रात्री काम करतात, त्यांची घरं कशी असतात, वगैरे. म्हणजे मुलं गोंधळणार नाहीत.

मी विचारलं, या मालिकेतल्या बाकीच्या पुस्तकांत असं पान आहे का? बर्फात राहणाऱ्या एका कुटुंबाचं पुस्तक तुम्ही मला नमुना म्हणून पाठवलं होतं. त्यात लोक घरात शिरताना बूट का काढतात, अंधार दुपारीच का पडतो, हे शेवटी लिहिलं आहे का?

"त्याची तिथे गरज नाही. ते चित्रांतूनच कळतं."

"कोणाला?"

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "मी नागपूरची आहे. लहानपणी अशी पुस्तकं वाचली तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. बूट कशाचे, टोप्या कशाच्या, मासे धरायला गेलेला माणूस इतका का झोपतो. मी चित्रं बघत बसले आणि समजून घेतलं. आम्ही सगळ्यांनीच घेतलं. आता त्यांच्या मुलांनी एकदा घ्यावं."

"तुझा आवाज नीट येत नाहीये, डिअर. जरा मोठ्यानं बोलतेस का?"

मी तेच वाक्य तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांना ऐकू गेलं.

मग त्यांनी, खरं तर मऊपणानंच, सांगितलं की हा निर्णय त्यांच्या एकटीच्या हातात नाही. सोमवारपर्यंत बदललेली पानं किंवा निदान ते माहितीचं पान आलं नाही तर काम दुसऱ्या चित्रकाराकडे द्यावं लागेल. माझ्याबद्दल त्यांना वाईट वाटेल.

"द्या," मी म्हणाले. फोन ठेवला आणि मुद्द्यांच्या कागदाची घडी घातली.

आई स्वयंपाकघरातून आली. तिला इंग्रजी फार कळत नाही, पण सूर कळतो. "काय झालं?"

"पुस्तक गेलं."

"तुझं गेलं का त्यांचं गेलं?" असं विचारून ती उत्तराची वाट न पाहता परत आत गेली.

खरी अडचण बाबांची होती. ते संध्याकाळभर माझ्याभोवती घुटमळत राहिले. मग खुर्ची उचलून, न ओढता, माझ्याजवळ ठेवून बसले. "बाई, पहिलं पुस्तक आहे तुझं. नाव येणार होतं न त्याच्यावर?"

"हाव."

"मग आमच्यासाठी कायले सोडून राहिली? मी तं मजाक केली होती. दे न मले दिवसपाळी. आईले नथ घाल. नथीनं काय होते? पुस्तकात तं असंच असते."

"नाही, बाबा."

"अगं, लोकाईले समजत नाही तं आपणच जरा सोपं करून द्यावं."

"नाही."

मी बाबांना याआधी कधी सलग दोनदा नाही म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही झोपायचे तेव्हा आख्खी कॉलनी गप्प बसायची. भाजीवाली, पोस्टमन, सगळे. कोणी विचारलं का, हा माणूस दिवसा का झोपला? मग आता मी काहून सांगू?"

बाबांनी खुर्चीच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. "भाजीवाली कधीकधी विसरायची," ते म्हणाले. "मले जाग येऊन जायची. मी तिले कधी काही म्हटलं नाही." आणि उठून गेले. सोमवार आला आणि गेला. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

दिल्लीचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं, दुसऱ्या चित्रकाराच्या नावानं. सीताबर्डीच्या एका दुकानात मला ते दिसलं, लहान मुलांच्या फळीवर, बाकीच्या देशांच्या रांगेत. मी उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. झोपाळा आहे, पितळेचा बंब आहे, शेवटच्या पानावर दिवे आहेत. ज्यानं काढलं त्याचा हात उत्तम आहे, आणि अशी घरं असतील तिथल्या मुलांना ते आवडेल. माझं त्या घराशी भांडण नाही. एका लहान मुलीनं माझ्या हातातलं पुस्तक मागितलं, मी दिलं. ती तिच्या आईला विचारत होती, "आपल्याकडे झोपाळा का नाही?" आई म्हणाली, "जागा कुठे आहे बेटा, चल, ऑटो थांबला आहे."

माझी पानं मी तेव्हापासून तीन ठिकाणी पाठवली. एकांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांनी विचारलं की वडील झोपेऐवजी पुस्तक वाचताना दाखवता येतील का. मी कळवलं, रात्रभर बेल्टवर उभं राहिलेला माणूस सकाळी वाचत नाही. तिसऱ्यांना पुस्तक आवडलं आहे. टॉवेलही आवडला, कुजबुजही आवडली, माहितीचं पान त्यांना नको आहे. फक्त खर्चाच्या दृष्टीनं जोडपानं कमी करायची आहेत, आणि गोष्ट पुढे सरकत नाही म्हणून त्यांना वाटतं की झोपेचं एकच पान पुरेल. किंवा फार तर दोन.

मी या वेळी 'ओके' लिहिलं नाही. लिहिलं की गोष्ट तिथेच चालली आहे, आणि त्या घरात सकाळपासून चारपर्यंत दुसरं काही चालत नव्हतं. नळाचं पान काढा, पोह्यांचं काढा, लागलं तर चहाचंही काढा. आईला विचारून लिहिते आहे, तिची हरकत नाही. झोपेची पानं तीनच राहतील.

उत्तर अजून आलेलं नाही. नाही आलं तरी त्या तिनाची दोन होणार नाहीत.